माळ्यावरची तीन पिल्लं : एका सराफी घरानं वाढवून सोडलेल्या उदमांजरांचं प्रकरण

मी पशुवैद्य आहे. रोजचं काम गाई-म्हशींचं आणि शहरातल्या कुत्र्या-मांजरांचं; वन्यप्राणी अधूनमधून, वनखात्याचा फोन आला तर. हे प्रकरण घडलं तेव्हा मी पहिल्या दिवसापासून सोबत होतो. त्यातले दोन चुकीचे निर्णय माझे आहेत, तेही लिहितो. घर ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत. माणसांना नावं न देता घरात ज्या नात्यानं हाक मारतात तीच वापरली आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापुरातली जुनी पेठ, कौलारू दुमजली घर. खाली पुढच्या खोलीत अण्णांचं सोनारकाम, गुजरीतल्या दोन-तीन पेढ्यांसाठी साज आणि ठुशी घडवून द्यायची. घरात अण्णा, वहिनी, कॉलेजात जाणारा थोरला, आठवीतली धाकटी आणि अण्णांच्या आई. त्यांना सगळी पेठ आजीच म्हणते. मागचा निम्मा भाग उतरवून तिथं स्लॅब टाकायचं ठरलं होतं. पुढचा भाग आणि परड्यातली कौलारू शेड राहणार होती.

काम सुरू व्हायच्या महिनाभर आधीपासून आजी एक गोष्ट सांगत होत्या. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला माळ्याच्या जिन्याशी घनसाळ भात शिजल्याचा वास येतो. आजींचं माहेर आजऱ्याचं, घनसाळचा वास त्यांना चुकणार नाही. घरच्यांनी शेजारच्यांच्या चुलीवर विषय सोडून दिला. परड्याच्या भिंतीवर बियांनी भरलेली विष्ठा पडायची, ती वहिनी रोज पाणी मारून धुवायच्या. उदमांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथींचा वास असाच असतो, सुवासिक तांदळासारखा. ते विष्ठाही अशी उंच, उघड्या जागेवर ठेवतं. दोन्ही खुणा एकाच प्राण्याच्या होत्या, पण त्या एकत्र बघणारं तिथं कुणी नव्हतं. मला त्या आधी कळल्या असत्या तर हे प्रकरण झालंच नसतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गवंड्यांनी कौलं उतरवली. आढ्याखाली, तक्तपोशीवर जुन्या वाकळांची चळत होती. त्यात तीन पिल्लं निघाली. राखाडी, डोळे नुकते उघडलेले, मुठीत मावतील एवढी. ‘मसण्याउद, मसण्याउद’ म्हणत दोन गडी खाली पळाले; उदमांजराला इकडं मसण्याउद म्हणतात. थोरल्यानं पिल्लं टोपलीत घालून स्वयंपाकघरात आणली, चुलीजवळ.

पेच

सकाळी दहाला पिल्लं सापडली आणि अकराच्या आत त्यांची आई मेल्याचं घरानं मान्य करून टाकलं होतं. गंगावेशीच्या कट्ट्यावरून दूध घेऊन येणारा मुलगा म्हणाला, “रंकाळ्याच्या रस्त्यावर एक मसण्याउद गाडीखाली आलंय. तेचीच असणार ही.” झालं. तिथून पुढं सगळे ‘बिचारी अनाथ’ म्हणूनच बोलायला लागले. दुपारी मला फोन आला तेव्हा थोरल्यानंही हेच सांगितलं, आणि मीही ते वाक्य तसंच घेतलं.

मेलेला प्राणी बघायला आमच्यापैकी कुणी गेलं नाही. स्कूटरवरून दहा मिनिटांचं अंतर. उलटा करून पोट बघायचं. मादी आहे का, सडं ओढलेली आहेत का, पिळल्यावर दूध येतं का. एवढ्यानं निकाल लागला असता. संध्याकाळी माझ्या डोक्यात हे आलं तोवर झाडूवाल्यांनी तो उचलून नेला होता. माझी पहिली चूक ही.

कायद्याची बाजू त्या घरात कुणाला माहीत नव्हती, आणि बहुतेक घरांत ती माहीत नसते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. दया आली म्हणून घरी वाढवला, ही सबब चालत नाही. १९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक मी थोरल्याला दिला आणि फोन त्यालाच करायला लावला. माझ्याकडून गेला असता तर ‘डॉक्टरनं तक्रार केली’ असं झालं असतं. पेठेत असल्या गोष्टी वर्षानुवर्षं टिकतात.

कोणते मार्ग होते

वनपाल संध्याकाळी आले. स्वयंपाकघरातच बसून चर्चा झाली.

पहिला मार्ग, पिल्लं त्याच जागी परत ठेवायची. खोल टोपलीत, खाली गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, अंधार पडता पडता. माणसांनी तिथून निघून जायचं. आई असेल तर मानेला धरून एकेक पिल्लू नेते. जुन्नरकडं ऊसतोडीत सापडलेले बिबट्याचे बछडे वनखातं याच पद्धतीनं आईला परत देतं, आणि ते कितीतरी वेळा जमलं आहे. माणसाचा हात लागलेलं पिल्लू आई टाकून देते हा निव्वळ समज आहे.

दुसरा मार्ग, पुण्याकडच्या उपचार केंद्रात पाठवायचं. तिथं अनुभवी माणसं, पण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा प्रवास. एवढ्या लहान पिल्लांना दर तीन तासांनी पाजावं लागतं.

तिसरा, वनखात्याच्या लेखी परवानगीनं आणि माझ्या देखरेखीखाली इथंच वाढवून नंतर सोडायचं.

वनपालांचा कल पहिल्या मार्गाकडं होता. तो बरोबर होता. पण छप्पर उतरलेलं, खाली राडारोडा, परड्यात दोन भटकी कुत्री. “आई तर मेलीय की,” अण्णा म्हणाले. त्या रात्री टोपली परड्याच्या शेडवर ठेवली. पण थोरला आणि धाकटी दर अर्ध्या तासाला बॅटरी घेऊन बघायला जात होते. पहाटे चारला थंडी वाढली म्हणून त्यांनी टोपली आत घेतली. मी याला प्रयत्न धरत नाही. कुठलीही आई असल्या जत्रेत येणार नाही. वनखात्याच्या कागदावर मात्र ‘पुनर्भेटीचा प्रयत्न केला, आई आली नाही’ असं लिहिलं गेलं आणि तिसरा मार्ग मंजूर झाला.

बोंडलं

दुसऱ्या रात्री जे घडलं त्यानं एक पिल्लू मेलं. ते कसं मेलं हे सविस्तर लिहितो, कारण घरी आणलेली बहुतेक पिल्लं अशीच मरतात.

मी सांगून गेलो होतो की रात्री फक्त साखर-मिठाचं कोमट पाणी, ड्रॉपरनं, थेंब थेंब. मांजराच्या पिल्लांची दूध पावडर सकाळी आणतो. मध्यरात्री पिल्लं ओरडायला लागली. आजींना राहवलं नाही. फडताळातून पितळेचं बोंडलं काढलं, कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध कोमट केलं, पिल्लू मांडीवर उताणं घेतलं आणि बोंडल्याची चोच तोंडात दिली. माणसाच्या बाळाला देतात तशी. पिल्लानं दोन घोट घेतले, शिंकलं, नाकातून दूध आलं. आजींनी पाठ थोपटली आणि परत पाजलं.

सकाळी मी छातीला नळी लावली तेव्हा आत बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. दूध फुप्फुसात गेलं होतं. दुपारी ते गेलं.

“डॉक्टर, पाच पोरं बोंडल्यावर वाढिवल्यात मी,” आजी एवढंच म्हणाल्या. मी काही बोललो नाही. चूक त्यांची नव्हती. ‘देऊ नका’ म्हणून मी निघून गेलो होतो. का नको ते सांगायला, पालथं धरून दाखवायला मला पाच मिनिटं लागली असती. उपाशी पिल्लू ओरडतंय आणि घरात दूध आहे, अशा वेळी नुसत्या ‘नको’नं कुठलीच आजी थांबत नाही.

मग उरलेल्या दोघांसाठी जे केलं ते असं. पिल्लू आधी गरम, मगच दूध; अंग गार असेल तर पोट काम करत नाही आणि दूध आतच नासतं. पाजताना पालथं, चार पायांवर, मान किंचित वर. एका वेळी वजनाच्या साधारण वीसाव्या हिश्श्याएवढं. पाजून झालं की ओल्या कापसानं पोटाखाली हलकं पुसायचं, कारण या वयात आईनं चाटल्याशिवाय शू-शी होत नाही. धाकटीला हे काम घाण वाटेल असं वहिनींना वाटलं होतं. ते तिनंच उचललं.

वजनासाठी अण्णांचा सराफी काटा. दागिन्यांसाठी दशांशानंतर तीन आकडे दाखवणारा. त्यावर कागदी डबी ठेवून पिल्लू तोलायचं. पहिल्या दिवशी नराचं वजन भरलं १६८.३४० ग्रॅम, मादीचं १५१.९१० ग्रॅम. मी म्हटलं, ग्रॅम पुरे आहेत, पुढचं सोडा. अण्णांनी सोडलं नाही. रोज सकाळी दुकान उघडताना देवाला उदबत्ती, मग काटा, मग वही. त्या वहीमुळंच सहाव्या दिवशी मादीचं वजन चार ग्रॅमनं उतरल्याचं लगेच दिसलं आणि जुलाब वाढायच्या आत दूध पातळ करता आलं. नुसत्या डोळ्यांना ते दिसलं नसतं.

पाचवा दिवस

पाचव्या दिवशी समोरच्या घरातले काका सीसीटीव्हीचं चित्रण घेऊन आले. लागोपाठ तीन रात्री, दीड ते अडीचच्या दरम्यान, परड्याच्या भिंतीवरून एक मोठं उदमांजर येतं. उघड्या आढ्याच्या लाकडावर चढतं, थांबतं, जातं. काकांना वाटलं होतं आम्हाला मजा वाटेल.

वनपालांना फोन केला. ते म्हणाले, “आज रात्री ठेवूया का परत?” मी नको म्हणालो. माझी कारणं अशी : मादीला जुलाब लागायची चिन्हं आहेत, आईचं दूध चार दिवसांत आटलं असेल, ती आईच आहे याचा पुरावा नाही, आणि उघड्या छपरावर कुत्री. यातलं प्रत्येक कारण आजही मी मांडू शकतो. पण चारही एकत्र बघितली तर दिसतं की मला तो प्रयत्न करायचाच नव्हता. पिल्लं आता दूध घ्यायला लागली होती, वही भरत होती. सगळं घर एका कामाला लागलं होतं, आणि तेच बंद करून काठावर बसून वाट बघणं नको वाटत होतं. निदान नराला तरी एक रात्र ठेवून बघायला हवं होतं. तो ठणठणीत होता. ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी, कारण पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं.

पाळणं आणि वाढवणं

कोल्हापूरला जनावर पाळण्याचं भारी कौतुक. संस्थानकाळी इथं शिकारीसाठी चित्ते माणसाळवायचे, हे अजूनही लोक अभिमानानं सांगतात. जनावर हाताला आलं, खांद्यावर बसलं, हाकेला ओ दिली की वाढवणाऱ्याची वाहवा. आम्हाला नेमकं याच्या उलट हवं होतं, आणि ते घराला पटवणं दूध पाजण्यापेक्षा अवघड गेलं.

मार्चमध्ये मी नियम घालून दिले. नाव ठेवायचं नाही. पाजणारी माणसं दोनच, वहिनी आणि धाकटी. घरातलं मांजर वहिनींच्या बहिणीकडं, कारण मांजरांचे काही जीवघेणे रोग उदमांजरांना होतात. फोटो कुणाला पाठवायचे नाहीत. शेवटचा नियम तीन दिवस टिकला. पहिलाही मोडला असणार. मादीच्या गळ्याखाली फिकट पट्टा होता म्हणून धाकटी तिला ‘साज’ म्हणायची, हे मला वहीच्या समासात सापडलं. अण्णांनी ते खोडलं नव्हतं.

एप्रिलपर्यंत दोघं अंडं, केळ, कोंबडीचे तुकडे खाऊ लागली. रात्रभर पडद्यांवर चढायची. नर धाकटीच्या दप्तरात झोपायचा. एका संध्याकाळी त्याच्या तोंडातला कोंबडीचा तुकडा ती काढायला गेली आणि त्यानं अंगठ्याला कडकडून चावा घेतला. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायला लावलं आणि त्याच रात्री सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू केली. वाढवलेलं असलं, घरातच असलं, तरी यात सूट नाही. सगळे डोस पूर्ण केले.

अण्णांचा प्रश्न वेगळा होता. चाव्याचं वनखात्याला सांगायचं का? सांगितलं तर पिल्लं नेतील. रात्री उशिरापर्यंत यावर वाद झाला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “उद्या दुसऱ्या कुणाला चावलं तर?” सकाळी सांगितलं. वनखात्यानं पिल्लं नेली नाहीत, पण शहरातून हलवायला सांगितलं. माझ्या मते या चाव्यानं एक महिना वाचवला. तो झाला नसता तर जूनपर्यंत दोघं दप्तरातच राहिली असती.

कुठं सोडायचं

बहुतेकांच्या तोंडी एकच नाव, दाजीपूर. राधानगरी अभयारण्य, गव्यांचं जंगल, सोडायला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली? ऐकायला बरोबर वाटतं. पण शहरात वाढलेलं उदमांजर ऐंशी किलोमीटरवरच्या अनोळखी दाट जंगलात सोडणं म्हणजे आधीपासून राहणाऱ्यांच्या हद्दीत ढकलणं, आणि शहरातून अंगावर घेतलेला एखादा रोग अभयारण्यात नेणं. शिवाय या प्राण्याला दाट जंगलच लागतं असं नाही. उंबर, जांभूळ, पेरू, उंदीर आणि लपायला जुनं झाड एवढ्यावर तो गावाच्या कडेला मजेत राहतो.

शेवटी वनखात्यानं मान्य केली ती जागा पन्हाळ्याच्या बाजूची, वहिनींच्या भावाच्या शेताची कड. मागं डोंगरउतार, करवंदीच्या जाळ्या, दोन जुने आंबे, ओढ्याला उंबर. मेमध्ये तिथं लोखंडी अँगल आणि जाळीचा मोठा पिंजरा उभा केला, आत आडव्या फांद्या, वर पोत्याची ढोली. खायला घालायचं मामांच्या एकट्या गड्यानं, तेही अंधार पडल्यावर. अन्न ताटलीत द्यायचं नाही. फांद्यांत खोचायचं, पालापाचोळ्यात पुरायचं.

जुलैअखेर सोडायचं ठरलं होतं. तेवढ्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं. आम्ही शहरात, पिंजरा पलीकडं. वनपाल फोनवर म्हणाले, पावसाचं त्यांना काही नाही, दार उघडायला सांगा. मी थांबूया म्हटलं. पहिल्या काही रात्री कुणीतरी बघायला हवं असं मला वाटत होतं. यात कोण बरोबर होतं हे मला अजून ठरवता येत नाही.

थांबल्याचा एक फायदा मात्र झाला. ऑगस्टमध्ये रस्ता उघडल्यावर मी गेलो, तर दोघं ढोलीतून उतरून सरळ जाळीशी आली. गडी अन्न घालताना शीळ घालत होता! वासरांना घालतो तशी, सवयीनं. म्हणजे तीन महिने आम्ही माणसाची चाहूल तोडत होतो आणि तो रोज रात्री जोडत होता. त्याला कुणी शिळेचं सांगितलंच नव्हतं. मग शीळ बंद, वेळ रोज वेगळी, आणि अन्न मागच्या बाजूनं पीव्हीसी पाइपातून आत. सहा आठवड्यांनी चाहूल लागली की दोघं वर पळायला लागली.

सोडणं आणि नंतर

सप्टेंबरच्या शेवटी, वजनं २.२ आणि १.९ किलो. या वेळी काटा मामांचा, भाजीचा. पिंजऱ्याचं दार संध्याकाळी उघडं टाकलं. अण्णांच्या घरचं कुणी यायचं नाही असं ठरलं होतं. धाकटी त्यावरून दोन दिवस जेवली नाही. पहिल्या रात्री कुणी बाहेर आलं नाही. दुसऱ्या रात्री पावणेबाराला नर दारात आला, हुंगलं आणि आंब्यावर चढून गेला. तो परत पिंजऱ्यात आला नाही. मादी चौथ्या रात्री गेली, पण पुढं नऊ रात्री खायला येत राहिली. अन्न रोज कमी करत नेलं.

झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात मादी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिसली. नराचं चित्र तीनदाच. गळपट्टा नव्हता, त्यामुळं यापुढं जे आहे ते अंदाज. टाकीच्या कठड्यावर डिसेंबरमध्येही पेरूच्या बियांची विष्ठा मिळाली. त्याच महिन्यात शेजारच्या वस्तीवरच्या खुराड्यातल्या दोन कोंबड्या गेल्या आणि बोट आमच्याकडं दाखवलं गेलं. ते आमचंच जनावर कशावरून, असा वाद मामांना घालता आला असता. त्यांनी कोंबड्यांचे पैसे दिले आणि खुराड्याला बारीक जाळी मारून दिली. मला विचाराल तर पूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हा.

आज असाच फोन आला तर

मी पहिला प्रश्न ‘काय खायला घातलं’ असा विचारणार नाही. पिल्लं कुठं होती आणि आता कुठं आहेत, हे विचारेन. मग टोपली, गरम बाटली, तीन पूर्ण रात्री, आणि घरच्यांना कोंडून नव्हे, नातेवाइकांकडं पाठवून. मेलेला प्राणी असल्याचं कुणी सांगितलं तर आधी तो बघून येईन. हाती पिल्लू द्यायचीच वेळ आली तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला समोर बसवून, तिच्याच हातानं, पालथं धरून पहिलं दूध पाजून घेईन. आणि गड्याला शिळेबद्दल विचारेन.

गेल्या जानेवारीत आजींचा फोन आला. स्लॅबचं काम होऊन वर्ष होत आलं होतं. “परड्यातल्या शेडीत परत घनसाळ शिजतोय बघा.” मी गेलो. भिंतीवर बिया होत्या, ताज्या. अण्णा शिडी धरून उभे होते. “ही तीच असंल का वो, आई?” मी म्हटलं, सांगता येणार नाही. शेडीची चार कौलं फुटली आहेत. गवंडी लगेच येतो म्हणत होता. अण्णांनी त्याला पावसाळ्याच्या तोंडावर यायला सांगितलं आहे, आणि त्याच्या आदल्या दिवशी मला, बॅटरी घेऊन.